बुराडी ते पटपडगंज: दिल्लीच्या मुलखातील मराठी युद्धपद्धतीचे स्थित्यंतर

आज ज्याला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणतात त्यात दिल्लीबरोबरच हरियाणातील पानिपत, उत्तर प्रदेशातील बागपत, बुलंदशहर व गौतम बुद्ध नगर आणि राजस्थानातील अलवर व भरतपूर हे जिल्हे मोडतात, आणि अठराव्या शतकात मराठी फौजेच्या लढण्याच्या रीतीत जे मोठे बदल झाले त्यांची कसोटी बहुतांशी याच पट्ट्यात लागली. १७३७ साली पहिला बाजीराव निव्वळ घोडदळाच्या वेगावर दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन गेला. १८०४ साली यशवंतराव होळकराने त्याच शहराला तोफा लावून वेढा घातला. आणि या सदुसष्ट वर्षांच्या दरम्यान, रसदेसाठी शत्रूच्या मुलखावर अवलंबून असणाऱ्या स्वारांच्या फौजेचे रूपांतर कवायती पायदळ, तोफा आणि ठरावीक मासिक पगार यांवर उभ्या असलेल्या फौजेत झाले. मराठ्यांनी आपली मूळची रीत सोडली म्हणून ते बुडाले, असे मत ईस्ट इंडिया कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनी त्याच काळात मांडले, पुढे ते मराठी लेखनातही रुळले आणि अजूनही अधूनमधून ऐकू येते. दिल्लीच्या परिसरातील लढाया एकामागून एक तपासल्या तर हे मत टिकत नाही.

मूळची रीत म्हणजे गनिमी कावा, म्हणजेच समोरासमोरची लढाई टाळून शत्रूची रसद तोडणे, त्याला दमवणे, सोयीच्या जागी गाठणे आणि अंगावर येताच निसटून जाणे. सतराव्या शतकात मलिक अंबराने आणि नंतर शिवाजी महाराजांनी डोंगरी मुलखात ती सिद्ध केली होती. या पद्धतीला अनुरूप अशी फौजेची रचनाही होती: ज्यांना घोडा व हत्यार सरकारातून मिळे ते बारगीर, आणि जे स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन चाकरीला येत ते शिलेदार. अठराव्या शतकात फौजेच्या खर्चाचा मोठा भाग मुलूखगिरीवर, म्हणजे परमुलखात शिरून वसूल केलेल्या खंडणी-चौथाईवर भागे, आणि सरदारांना सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी महसुलाचा हक्क, तोडून दिलेला असे. अशा फौजेला ताबडतोब रोख पैसा फारसा लागत नसे आणि गमावण्यासारखे एकच एक ठाणेही नसे. तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही यातच होती.

बाजीरावाच्या १७३७च्या स्वारीत हे बळ पूर्णपणे दिसले. दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या सुपीक पट्ट्यात, उतरलेल्या मल्हारराव होळकराच्या तुकडीला अवधच्या सुभेदार सादत खानाने मागे रेटले आणि मराठ्यांना चंबळेपार हाकलल्याची बढाई बादशहाकडे लिहून पाठवली. बाजीरावाने बादशाही फौजांना बगल देऊन लांब लांब मजला मारल्या आणि मार्चअखेरीस तो दिल्लीच्या दक्षिणेस, कालिका देवीच्या देवळाजवळ येऊन उतरला, तेव्हा त्याला अडवण्यासाठी निघालेले मोगल सरदार त्याच्या पाठीमागे राहिले होते. शहरातून बाहेर पडलेल्या मोगल तुकडीला रिकाबगंज-तालकटोऱ्याच्या बाजूस, म्हणजे आजच्या नव्या दिल्लीच्या मध्यभागी, मार बसला. पण पिछाडीवरून दुसरी फौज येत असल्याचे कळताच बाजीराव रेवाडी-कोटपुतळीच्या दिशेने निघून गेला. शहर जाळण्याचा विचार आपण का सोडला हे त्याने भाऊ चिमाजी आप्पाला पत्राने कळवले असून, बादशाही बुडवण्यापेक्षा तिला दाबात ठेवण्यात फायदा आहे असा त्याचा हिशेब त्यातून दिसतो. दिल्ली हातात ठेवण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच, म्हणून केवळ घोडदळावर त्याचे काम भागले.

रघुनाथरावाने ऑगस्ट १७५७मध्ये दिल्ली घेतली तेव्हापासून हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याबरोबर असा शत्रू समोर आला जो वेगातही मराठ्यांना भारी पडत होता. अहमदशहा अब्दालीच्या फौजेत उत्तम घोडदळ तर होतेच, शिवाय लांब पल्ल्याच्या जेझाल बंदुका आणि उंटांच्या पाठीवरून डागायच्या झंबुरक नावाच्या हलक्या तोफाही होत्या. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर, यमुनेच्या पात्रातील उंच गवताचा आडोसा घेत अफगाण-रोहिले बंदूकवाले नदी उतरले आणि त्यांना भिडलेला दत्ताजी शिंदे गोळी लागून पडला. पुढे आठ आठवडे उलटतात न उलटतात तोच, ४ मार्च रोजी, दुआबातील सिकंदराबादेजवळ खुद्द मल्हाररावाच्या फौजेवर अफगाणांनी अवचित झडप घातली आणि गनिमी काव्यात मुरलेला तो सरदार मोठे नुकसान सोसून निसटला. सपाट मैदान, हिवाळ्यात जागोजागी उतार मिळणारी नदी, आणि तितकाच चपळ शत्रू, अशा स्थितीत जुनी रीत पुरी पडत नव्हती; हा निकाल पानिपताच्या आधीच, दिल्लीपासून दोन दिवसांच्या वाटेवर लागला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

अब्दालीविरुद्ध आलेल्या मराठी फौजेचा सेनापती सदाशिवरावभाऊ याने याच कारणाने इब्राहिम खान गारदीवर भिस्त ठेवली. गारदी म्हणजे फ्रेंच धर्तीवर कवायत शिकलेले बंदूकधारी पायदळ. इब्राहिम खान दक्षिणेत फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झाला होता. ऑगस्ट १७६०मध्ये दिल्लीचा किल्ला या फौजेने तोफा लावून घेतला आणि ऑक्टोबरात कुंजपुराही असाच घेतला, परंतु त्याच महिन्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठी छावणी व दख्खन यांच्या मध्ये येऊन बसला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढण्यासाठी ठरलेली योजना गोलाची होती: बाहेरच्या बाजूंस पायदळ व तोफा, आत घोडदळ आणि त्याच्याही आत बुणगे, म्हणजे न लढणारा सारा जमाव, अशा रचनेने संपूर्ण फौजेने एकजिनसी सरकत जायचे. या रचनेत घोडेस्वाराने पायदळाच्या आड थांबायचे असते, आणि ज्याची सारी प्रतिष्ठा पुढे घोडा घालण्यात होती त्या सरदाराला ते मानवणे कठीण होते. गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची फळी खिळखिळी केली, पण विंचुरकर व गायकवाड यांचे स्वार रांग सोडून पुढे घुसले आणि त्यांच्याच तोफांच्या तोंडी आडवे आले, असे बखरी व नंतरचे इतिहासकार सांगतात. उपासमारीने खंगलेली माणसे व घोडी, दुआबातून रसद पोचवणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचा डिसेंबरात झालेला मृत्यू आणि अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज ही पराभवाची अधिक वजनदार कारणे आहेतच. युद्धपद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर पानिपतात एकाच रणांगणावर दोन रीती एकमेकींना जोडून लढवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या जोडणारा अधिकारीवर्ग तयार झालेला नव्हता.

त्या दिवशी पाय कायमचा अधू होऊन वाचलेला महादजी शिंदे पुढे या बदलाचा खरा कर्ता ठरला. फेब्रुवारी १७७१मध्ये दिल्ली घेऊन त्याने पुढच्या जानेवारीत बादशहा शाह आलमला तख्तावर आणले. पुढे इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धात इंग्रज अधिकारी पॉपमने ऑगस्ट १७८०मध्ये ग्वाल्हेरचा अवघड किल्ला रातोरात घेतला, आणि थोड्या संख्येचे कवायती पायदळ काय करू शकते याचा धडा महादजीला स्वतःच्या मुलखात मिळाला. १७८४च्या सुमारास त्याने सॅव्हॉय प्रांतातील बेन्वा द बॉयन याला दोन पलटणी उभारायला सांगितले. द बॉयनने आधी फ्रान्सच्या आयरिश पलटणीत नोकरी केली होती, नंतर एजियन समुद्रात रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढताना तो टेनेडॉस बेटावर कैद झाला होता, आणि त्यानंतर कंपनीच्या मद्रासी पलटणीतही राहिला होता. म्हणजे महादजीने एका माणसाबरोबर तीन फौजांचा अनुभव चाकरीत घेतला.

पहिली कसोटी जुलै १७८७मध्ये राजपुतांविरुद्ध लालसोटला लागली. राठोडांच्या घोडदळाच्या धडका द बॉयनच्या पलटणींनी बंदुकी व तोफांच्या माऱ्याने परतवल्या, पण बादशाही पलटणींचा पगार थकलेला असल्याने त्या तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजीला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी रोहिला सरदार गुलाम कादिराने दिल्लीच्या किल्ल्यात शाह आलमचे डोळे काढले, तोपर्यंत महादजीला राजधानीकडे वळता आले नाही. लालसोटचा धडा कवायतीपेक्षा पगाराविषयीचा होता आणि महादजीने तो तसाच घेतला. द बॉयन १७८९मध्ये नोकरी सोडून लखनौला व्यापारात शिरला होता. १७९०च्या आरंभी त्याला परत बोलावून महादजीने दहा पलटणींचा पूर्ण कंपू उभारायला लावला, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी दोन कंपू झाले. कंपू म्हणजे स्वतःचे पायदळ, तोफा, थोडे घोडदळ आणि वाहतूक यांसह एकटे मोहिमेवर जाऊ शकणारे दळ. त्यात तांबड्या डगल्यातले, संगीन लावलेली बंदूक चालवणारे तिलंगे असत आणि नजीब, म्हणजे बहुतेक पठाण-रोहिले, हेही असत. कवायतीचे हुकूम इंग्रजीत सुटत आणि पलटणींच्या निशाणावर द बॉयनच्या मायभूमीचा पांढरा क्रूस असे. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत होता, आणि तेथे घडवलेल्या बंदुका दहा रुपयांना एक अशा पडत, तरी युरोपीय मालाच्या तोडीच्या असत.

जून १७९०मध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता या दोन लढायांनी राजपुतान्यातला प्रतिकार मोडला, त्यामुळे कंपूचे नाव झाले; परंतु या विजयांइतकीच महत्त्वाची गोष्ट जायदादीची होती. जायदाद म्हणजे एखाद्या फौजेच्या पगारासाठी नेमून दिलेला मुलूख. महादजीने दुआबातला अलीगढच्या भोवतालचा सुपीक टापू द बॉयनच्या हवाली केला, तेथला सारा त्याच्या अंमलदारांनी वसूल केला आणि शिपायाला दरमहा रोख मिळू लागले, जखमींनाही देणे मिळू लागले. इतक्या नियमित पगाराची फौज शिंद्यांकडे पूर्वी कधी नव्हती. या व्यवस्थेतच सर्वांत मोठा धोका दडलेला होता. घोडदळाच्या जुन्या फौजेला गमावण्याजोगे केंद्र नव्हते. कंपूला ते मिळाले, ते कंपनीच्या कानपूरच्या छावणीपासून थोड्याच मजलांवर होते, आणि फौज, तिजोरी व महसूल या तिन्हींच्या किल्ल्या एका परक्या चाकराच्या कमरेला होत्या.

परक्यांच्या मदतीने लष्कर नव्याने घडवणे ही त्या शतकात फार ठिकाणी घडलेली गोष्ट आहे. रशियाच्या पहिल्या पीटरने जुन्या स्त्रेल्त्सी बंदूकवाल्यांचे बंड मोडून नवी फौज उभारली आणि नोव्हेंबर १७००मध्ये नार्वाला ती स्वीडनपुढे सपशेल हरली, तिचा परदेशी सेनापती द क्रुआ शत्रूच्या स्वाधीन झाला आणि सगळा तोफखाना गेला. पीटरने परदेशी अधिकारी ठेवले, पण त्यांच्याबरोबर रशियन जमीनदारांच्या मुलांना सक्तीने फौजेत घातले, खालच्या दर्जापासून चाकरी करायला लावली, मॉस्कोत गणित व नौकानयनाची शाळा काढली, तुला येथे सरकारी शस्त्रकारखाना उभारला, आणि १७२२च्या दर्जापत्रकाने हुद्दा कुळाऐवजी चाकरीशी जोडला. पोल्टाव्हाच्या १७०९च्या विजयामागे यातले आधीचे उपाय होते, आणि महादजीच्या समकालीन सुवोरोव्हसारखे देशी सेनानी या साऱ्यातूनच आले. शिंद्यांच्या कंपूत ही दुसरी बाजू कधी उभीच राहिली नाही. शिपाई अवध, रोहिलखंड आणि दुआबातले, म्हणजे कंपनीची बंगाल फौज जेथून भरती करी त्याच गावांतले होते. अधिकारी युरोपीय किंवा युरोपीय बाप व हिंदी आई यांची मुले होती. आणि ज्यांनी पलटणींची कवायत शिकून घ्यावी असे मराठी सरदारपुत्र घोड्यावरून उतरायला तयार नव्हते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारला तेव्हा कंपू उभे राहून चारच वर्षे झाली होती, त्यामुळे ही उणीव भरून काढायला त्याला वेळ मिळाला असता तर काय झाले असते हा प्रश्न उघडा राहतो. त्याचा वारस दौलतराव याच्या बाबतीत मात्र तो उघडा राहत नाही.

द बॉयन १७९५च्या अखेरीस निघून गेला आणि कारभार त्याच्या हाताखालच्या पेरॉन या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आला. उत्तरेतल्या लढायांचा अनुभव असलेले शिंदेशाहीतले मराठी सरदार पुढच्या पाच-सात वर्षांत नाहीसे झाले: निजामाविरुद्ध खर्ड्याची मोहीम चालवणारा जिवबा दादा बक्षी १७९६मध्ये वारला, आणि महादजीच्या विधवांच्या भांडणात दौलतरावाच्या विरुद्ध गेलेल्या लखबा दादा लाडला १८०१मध्ये पेरॉननेच मोडले. त्याच वर्षी झज्जरच्या बाजूस जॉर्जगड येथे आणि नंतर हांसी येथे जॉर्ज थॉमस या आयरिश दर्यावर्दीचे छोटेसे राज्य पेरॉनच्या फौजेने बुडवले. दिल्लीपासून अलीगढपर्यंत पेरॉन आता जवळजवळ सुभेदार होता. गव्हर्नर जनरल वेलस्लीने यमुनेकाठच्या या ‘फ्रेंच राज्याची’ भीती लंडनपुढे रंगवून मांडली. तीत अतिशयोक्ती पुष्कळ होती, कारण पेरॉनचे सारे लक्ष आपली कमाई सुरक्षित घेऊन जाण्याकडे होते. परंतु ज्या व्यवस्थेवर वेलस्लीने बोट ठेवले तिची कमजोरी त्याला बरोबर कळली होती.

१८०३चे युद्ध म्हणूनच तोफांआधी तिजोरीने लढले गेले. शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना कंपनीने पगार व निवृत्तिवेतनाचे आश्वासन जाहीर केले आणि अनेक जण ऐन वेळी पलटणी सोडून गेले. आपल्या जागी अंबाजी इंगळे नेमला गेल्याचे कळताच पेरॉनने कंपनीच्या फौजेचा सेनापती जनरल लेक याच्याकडे वाट मागितली. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला सुमारे तासाभराच्या झुंजीत दरवाजातून घेतला गेला, आणि हल्लेखोरांना वाट दाखवणारा ल्यूकन हा अगदी परवापरवापर्यंत शिंद्यांचाच नोकर होता. अलीगढ पडल्याबरोबर जायदाद आणि दारूगोळ्याचा साठा दोन्ही गेले.

दिल्लीतल्या पलटणी लुई बुर्कँच्या हाताखाली यमुना ओलांडून पटपडगंजाच्या बाजूस आल्या आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी हिंडण व यमुना यांच्या मधल्या जमिनीवर लढाई झाली. शिंद्यांच्या फौजेने जागा चांगली धरली होती: दोन्ही बगलांना दलदल, समोर सुमारे सत्तर तोफा, आणि त्यांना उंच गवताचा आडोसा. लेकजवळ साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती. समोरच्या फौजेचा आकडा इंग्रज लेखकांनी १९ हजारांपर्यंत दिला आहे, तो विजेत्यांचा आहे हे ध्यानात ठेवावे. लेकने घोडदळ पुढे घालून मुद्दाम माघार घेतली, आणि शत्रू पळतो आहे असे समजून कंपूच्या पलटणी तोफांसह आपली जागा सोडून पुढे आल्या. मागे उभे असलेले इंग्रजी पायदळ घोडदळाला वाट देऊन पुढे सरसावले आणि संगिनीने भिडले. शत्रूला फसव्या माघारीने बाहेर ओढण्याचा हा डाव गनिमी काव्यातला सर्वांत जुना, आणि या वेळी तो कवायती फौजेने कवायती फौजेवर टाकला. इंग्रजांची पावणेपाचशेच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली, शिंद्यांचे नुकसान त्याच्या कितीतरी पट झाले आणि ६८ तोफा गेल्या. तिसऱ्या दिवशी बुर्कँ व आणखी काही फ्रेंच अधिकारी लेकच्या स्वाधीन झाले. १६ तारखेला लेक आंधळ्या शाह आलमसमोर उभा राहिला. या रणभूमीवर आज नोएडाचे गोल्फ मैदान असून इंग्रजांनी १९१६मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ त्यात आहे.

या फौजेचा दोष कवायतीत नव्हता याचा पुरावा सात आठवड्यांनी मिळाला. १ नोव्हेंबर रोजी अलवरजवळ लासवारी येथे दख्खनहून आलेल्या पलटणींनी आणि दिल्लीहून निसटलेल्यांनी लेकला टक्कर दिली. युरोपीय अधिकारी जवळजवळ सगळे आधीच निघून गेले होते, तरी शिपाई व गोलंदाज हिंदी हुद्देदारांच्या हुकुमाखाली तोफांपाशी उभे राहून मेले, आणि इंग्रजांची आठशेहून अधिक माणसे पडली. या शिपायांवर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती असे लेकने स्वतः गव्हर्नर जनरलला लिहिले. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब शिंद्यांच्या हातून गेले.

उलट बाजूने तपासायचे तर यशवंतराव होळकराचे उदाहरण आहे. त्याने कंपूचे युरोपीय अधिकारी इंग्रजांना फितूर होणार असे दिसताच १८०४मध्ये तिघांची डोकी उडवली, मुकुंदऱ्याच्या घाटातून मागे फिरलेल्या इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेची घोडदळाने धूळधाण केली, आणि ऑक्टोबरात पायदळ व तोफा लावून दिल्लीला वेढा घालताना लेकला घोडदळाने गुंतवून ठेवले. बाजीरावाची रीत आणि महादजीची रीत एका हाताखाली आणण्याचा हा सर्वांत समर्थ प्रयत्न होता. तरीही ऑक्टरलोनी आणि बर्न या इंग्रज अधिकाऱ्यांनी तुटपुंज्या शिबंदीवर आठवडाभर शहर राखले. १३ नोव्हेंबरला डीगला त्याचे पायदळ मोडले आणि चारच दिवसांनी फर्रुखाबादेजवळ लेकच्या घोडदळाने लांब मजल मारून त्याच्या बेसावध स्वारांवर छापा घातला. सिकंदराबादेला मल्हाररावावर जे गुदरले होते तेच येथे पुन्हा गुदरले, म्हणजे जुनी रीत शिल्लक ठेवूनही निकाल बदलला नाही.

लढण्याची रीत बदलण्यात मराठ्यांची चूक झाली नाही. अब्दालीनंतर दिल्ली राखायची तर दुसरा मार्गच नव्हता. चूक झाली ती पगार, महसूल आणि हुकूम यांची सूत्रे एका परक्याच्या हाती देऊन आपला अधिकारीवर्ग न घडवण्यात, आणि तिची किंमत कंपनीने अचूक ओळखली. पटपडगंजानंतर पेरॉनच्या घोडदळातले स्वार कंपनीच्या चाकरीत आले आणि त्यांच्या मागणीवरून त्यांचे नेतृत्व जेम्स स्किनरकडे गेले. तोही काल-परवापर्यंत शिंद्यांच्याच फौजेतला अधिकारी होता आणि इंग्रज बापाचा मुलगा म्हणून तेथून काढला गेला होता. दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळचे १८३६चे सेंट जेम्स चर्च या स्किनरने बांधवले. आणि त्या स्वारांवर उभा राहिलेला त्याचा रिसाला आज भारतीय लष्करात ‘फर्स्ट हॉर्स’ या नावाने रणगाड्यांवर आहे.